पाळणाघर मोफत आहे

६ जानेवारी, सोमवार

आज चंद्रशेखर सरांनी पहिल्यांदा केबिनमध्ये बसायला सांगितलं. एरवी उभ्यानेच काम ऐकून घ्यावं लागतं. हे आमचे प्लांट हेड. आर्णी रोडवरच्या या शर्टांच्या फॅक्टरीत देवानंतर तेच, आणि देव काही रोज राउंडला येत नाही.

प्रश्न पाळणाघराचा आहे. फेब्रुवारीत परदेशी खरेदीदाराचं ऑडिट आहे. त्यांना पाळणाघर नुसतं असून चालत नाही, त्यात मुलं दिसावी लागतात. आपल्याकडे खोली आहे, भिंतीवर जिराफ आहे, पाळणे आहेत, आणि पाळण्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. एकही बाई मूल आणत नाही.

"बायकांपर्यंत माहितीच पोचत नाहीये," सर म्हणाले. "हा कम्युनिकेशनचा प्रॉब्लेम आहे, प्राची. आणि तुला आपण कल्याण अधिकारी म्हणून घेतलंय ते कशासाठी?"

मी मान डोलावली. कारण तेच खरं आहे. निम्म्या बाया तांड्यावरच्या, निम्म्या आसपासच्या खेड्यांतल्या. फुकट मिळणारी गोष्ट यांना समजावून सांगावी लागते, हे आपलं दुर्दैव.

खोली बघायला गेले तर कुलूप. आया म्हणून नेमलेली लालीबाई पलीकडे धागे कापणाऱ्या बायांच्या घोळक्यात बसलेली. हातात कात्री, समोर शर्टांचा ढीग, आणि तोंड सुरू. तिला चांगलं सुनावलं, की जागा सोडून गप्पा मारायला पगार मिळत नाही. तिने मुकाट्याने येऊन कुलूप काढलं आणि दाराशी उभी राहिली, जणू मीच तिचा खोळंबा करतेय.

घरी आले तर वरण करपलेलं. आई म्हणते, तुझ्या लेकीमागे, सोनूमागे धावताना डोकं गरगरतं. पाणी कमी पिते, दुसरं काय. तसं सांगितलं.

८ जानेवारी, बुधवार

पोस्टर तयार. मजकूर माझा: "महिला कर्मचाऱ्यांच्या पाल्यांकरिता सुसज्ज व निःशुल्क बालसंगोपन कक्ष कार्यान्वित असून सर्वांनी या सुविधेचा लाभ घ्यावा." खाली हसणारं बाळ. इंटरनेटवरचं बाळ इतकं गोरं आहे की आपल्याकडच्या कुणालाच ते आपलं वाटणार नाही, पण सरांना आवडलं.

जेवणाच्या खोलीत लावून घेतलं. दुपारी पाहते तर पोस्टरच्या खिळ्याला कुणीतरी डब्याची पिशवी अडकवलेली. बाळाच्या तोंडावर बरोबर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीचं निमित्त साधून कंपनीतर्फे हळदीकुंकू ठेवलं. कल्पना माझी: तिळगुळासोबत प्रत्येकीला पाळणाघराचं पत्रक द्यायचं. पत्रक यावेळी सोपं केलं. मोठ्या अक्षरात एकच ओळ, "पाळणाघर मोफत आहे", आणि खाली वयाची अट. यापेक्षा सोपं लिहायचं तर चित्रलिपीच काढावी लागेल.

बायांनी हसत हसत पत्रक घेतलं, त्यातच तिळगुळ बांधला आणि ओच्यात खोचला.

सरांनी फोटो काढून वर पाठवले. वरून अंगठा आला.

१७ जानेवारी, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत सभा घेतली. मी बोलले, मग प्रश्न विचारा म्हटलं. बायांनी डबे उघडले. शेवटी माझ्याच डोक्यात आलं, की एकीला तरी उभं करावं. शिलाईच्या लाइनवर राखी नावाची मुलगी आहे. तांड्यावरची, हात चपळ आणि नजर सरळ. तिला लहान मुलगा आहे एवढं मला ठाऊक होतं. विचारलं, मी सांगितलं ते समजलं का?

"समजलं ना म्याडम," ती म्हणाली. "पन आनू कशात?"

बाकीच्या हसल्या. ठसक्यात हसल्या, आणि मग सगळ्या एकदम गप्प झाल्या, कारण दारात सर येऊन उभे होते.

तर असं आहे. मूल आणायचं, पण आणायला यांना कंपनीने काहीतरी दिलं पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या झोळीत मुलं वाढवली, आता कशात आणू म्हणून विचारतात. अपेक्षांना काही अंत? सरांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, पिशव्या देऊन टाकू. जाड कापडाच्या, मूल अंगाशी बांधता येईल अशा, कंपनीचं नाव छापून. मी सुरतेला तातडीची ऑर्डर दिली, माल तयार होता, नुसता छाप मारायचा होता.

या सरांच्या मनाचा मोठेपणा म्हणायचा. मला वाटलं होतं चिडतील. उलट सुटल्यासारखे दिसले.

२१ जानेवारी, मंगळवार

पिशव्या आल्या, वाटल्या. आज सकाळी बस आली तेव्हा मुद्दाम गेटवर जाऊन उभी राहिले. एका पिशवीत डबा. एकीत स्वेटर. एकीने चक्क तुरीच्या ओल्या शेंगा भरून आणल्या आणि सुपरवायझरला दिल्या. मूल एकाही पिशवीत नाही.

या बायांचं भलं करणं म्हणजे भिंतीला मालिश करणं. उद्यापासून एकही शब्द सांगणार नाही असं ठरवलं, आणि मग आठवलं की सांगण्याचाच पगार मिळतो.

घरी आईचा निराळाच सूर. दुपारी दोन तास तरी सोनूला तुझ्या त्या खोलीत ठेवता येईल का म्हणून विचारत होती. मी हसलेच. सोनूला? तिथे? तांड्यावरच्या पोरांत? आणि मुळात तिथे पोरं तरी कुठे आहेत. आई म्हणाली, बरं, आणि भिंतीला धरून आत गेली. अलीकडे उगीच भिंतीला धरून चालते. विचारलं तर काही नाही म्हणते, नाही विचारलं तर सुस्कारे टाकते.

नवऱ्याचा, अनिमेषचा, हैदराबादहून फोन. तो महिन्यातून एकदा येतो आणि उरलेले दिवस घर कसं चालवावं यावर फोनवर मार्गदर्शन करतो. आजचा विषय सोनूचा स्क्रीन टाइम.

२४ जानेवारी, शुक्रवार

आई पडली. परवा दुपारी, मोरीच्या उंबऱ्यात. शेजारच्यांनी फोन केला. मी पोचले तोवर त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं होतं आणि सोनू तिच्या पदराला धरून रडत होती. मांडीचं हाड. ऑपरेशन झालं, रॉड टाकलाय. दोन-तीन महिने जपायला सांगितलंय.

डॉक्टरांनी विचारलं, चक्कर कधीपासून येते? आई म्हणाली दिवाळीपासून. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"मी सांगतच होते," आई म्हणाली.

कधी सांगितलं? मला तर आठवत नाही. दुखण्यात माणूस काहीही बोलतं.

२७ जानेवारी, सोमवार

घाटंजीहून मावशी आली आहे. आल्या आल्या तिने जाहीर केलं, की रजनीताईचं, म्हणजे आईचं, सगळं करेन, पण हे तीन वर्षांचं वादळ तेवढं माझ्या गळ्यात घालू नको. सरांकडे आठ दिवस रजा मागितली. आकस्मिक रजा हा प्रत्येकाचा हक्क आहे, हे मी स्वतः गेल्या महिन्यात भोंग्यावरून वाचून दाखवलं होतं. सर म्हणाले, "हक्क आहेच ना, कोण नाही म्हणतंय? पण ऑडिट तोंडावर असताना तू मागावीस का, हा प्रश्न आहे." आवाजात इतकी माया होती की नकार मिळाला हे फोन ठेवल्यावर कळलं.

तेव्हा सोनूला घेऊन जाणं आलं. ॲक्टिव्हावर थंडीत ती पुढे उभी राहून डुलक्या घेते, म्हणून कंपनीची बस. या बसमध्ये मी आजवर पाय ठेवला नव्हता.

आर्णी नाक्यावर बस आली. दारातच ड्रायव्हर देवीलालने हात आडवा केला. मग मला ओळखलं आणि ओशाळला.

"म्याडम, लेकरू नाई चालत गाडीत," तो म्हणाला. "सायबाचा आर्डर हाये. पन तुमची गोष्ट येगळी. बसा तुम्ही."

मी बसले. सोनूला खिडकीशी बसवलं. पुढे तांड्याच्या फाट्यावर बस थांबली. आठ-दहा बाया शेकोटीपाशी उभ्या होत्या. एकेक चढली, सोनूकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत, पुढे सरकत गेली.  राखी सगळ्यात शेवटी चढली. तिचा मुलगा खाली तिची सासू मोतीबाई हिच्या कडेवर होता. म्हातारीच्या एका डोळ्यात पांढरं पडलंय. बस सुटली तसं पोरगं मागे वळून, हात पसरून रडायला लागलं. राखीने खिडकीतून पाहिलं नाही. रोजचं असावं. न पाहण्याचीही सवय लागत असेल.

आनू कशात. तिने मला बस विचारली होती, आणि मी सुरतेहून पिशव्या मागवल्या.

फॅक्टरीत पोचल्यावर पाळणाघराचं कुलूप काढायला लालीबाईला शोधलं. ती आली, सोनूला पाहून आधी खुलली, मग बावरली. म्हणाली, सांभाळीन, पन सायबाले इचारा. लेकरू नसलं तं धागे काप म्हनले मले, रोजचा ढीग ठरवून देल्ला हाये, तो कोन कापीन? मी म्हटलं मी बघते. म्हणजे त्या दिवशी मी जिला गप्पा मारते म्हणून झापलं, ती बिचारी सरांनी दिलेलं दुसरं काम करत होती. आणि तिने मला सांगितलंसुद्धा नाही. मी विचारलं नव्हतं, हे एक झालं.

सोनू दिवसभर तिथे एकटी. जिराफाला खिचडी भरवत होती.

२८ जानेवारी, मंगळवार

हे लिहावंसं वाटत नाही, म्हणून आधी लिहून टाकते.

आज फाट्यावर राखी मुलाला घेऊन उभी होती. त्याला न्हाऊ-माखू घातलेलं, डोळ्यांत काजळ, अंगाशी आमची ती पिशवी बांधलेली. काल सोनूला पाहिलं, म्हणून आज तिने आणलं असणार. मला वाटतं तिला खात्री होती.

देवीलालने दार अडवलं. ती म्हणाली, कालपासून चालते ना? तो म्हणाला, तुले कोनी सांगतलं चालते म्हनून? तिने नुसतं माझ्या दिशेने पाहिलं. मी पहिल्याच सीटवर होते. सोनू माझ्या मांडीवर बसून बिस्किट खात होती.

मी काही बोलले नाही.

बस निघाली. राखीचा खाडा पडला. महिना भरल्यावर हजेरीचं बक्षीसही जाईल, त्या नियमाचं पत्रकही मीच वाटलं होतं. कल्याण अधिकारी हे पद कुणी शोधून काढलं, त्याला एकदा भेटलं पाहिजे.

२९ जानेवारी, बुधवार

सरांपुढे विषय काढला. अगदी नम्रपणे, फाइल हातात धरून. म्हटलं, सर, बायांना माहिती आहे. प्रश्न बसचा आहे.

सर हसले. म्हणाले, बसचा विमा कर्मचाऱ्यांपुरता आहे. मुलं घेतली तर सीटं कमी पडतील, मग दुसरी बस लावा, मग आयेला मदतनीस द्या, मग दूध, मग डॉक्टर. याला शेवट नाही. कायदा म्हणतो सुविधा द्या. आपण दिली. इथपर्यंत पोचणं ही ज्याची त्याची जबाबदारी.

"मग मी सांगू काय त्यांना?"

"जे सांगतेस तेच. छान सांगतेस." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "तुझ्या मुलीचं काय, ते चालू दे. घरचा प्रसंग आहे. मी देवीलालला बोललोय."

मी थँक्यू म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. केबिनबाहेर आल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण कॉरिडॉरमध्ये कॅमेरा आहे.

राखी आज कामावर आली. एकटी. मी हसले. तिने शिलाईच्या मशिनीवरून मान वर केली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑडिटची तालीम. सरांची योजना अशी: त्या दिवशी बसमधून मुलंही आणायची. लालीबाईला नवी साडी. आणि बायांना दोन-तीन उत्तरं पाठ करून द्यायची. पाठ करून द्यायला अर्थात मी.

मी दिली. होय, दिली. रॉडचं बिल, घर, सोनू, सगळं डोळ्यांसमोर ठेवून दिली. पाळणाघर आहे का? आहे. पैसे पडतात का? नाही, मोफत आहे. कुणी सांगितलं? प्राची म्याडमनं.

बायांनी पहिल्याच फेरीत बिनचूक म्हणून दाखवलं. मी महिनाभर ज्यांना बुद्धी नाही म्हणत होते, त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑडिटवाली बाई बंगळुरूची. केस कापलेले, पायात बूट, वागायला चांगली. पाळणाघरात अकरा मुलं होती आणि त्यातली नऊ रडत होती, कारण त्यांनी जिराफ प्रथमच पाहिला होता. तिला वाटलं आईच्या आठवणीने रडतात. तिने एकाला उचलूनही घेतलं.

मग तिने लाइनवरून राखीलाच बोलावलं. मी शेजारी, दुभाषी म्हणून. राखीने घडाघडा उत्तरं दिली. कुणी सांगितलं, यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "प्राची म्याडमनं. लय समजावून सांगते बिचारी."

मी ते हिंदीत सांगितलं. 'बिचारी' गाळलं. बाईने वहीत लिहिलं, संवाद उत्कृष्ट.

संध्याकाळी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. सर फोनवर होते. काय झालं कोण जाणे, मी तिला म्हटलं, उद्या सकाळी हॉटेलच्या गाडीने येऊ नका, आमच्या बसने या. आर्णी नाक्यावरून. तिने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, फाट्यावर काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी बघा.

ती येते म्हणाली.  घरी येऊन, आता नोकरी गेली, असं मावशीला सांगूनही टाकलं. मावशी म्हणाली, आधी जेव.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या शौर्याची कथा इथे संपते.

बाई आली. बसमध्ये चढली. फाट्यावर बाया मुलं घेऊन उभ्या होत्या, कारण सरांनी दोन्ही दिवसांचा बंदोबस्त करून ठेवला होता. ऑडिट दोन दिवसांचं आहे हे मला माहीत होतं. आज मुलं येणार नाहीत असं मी कशावरून धरलं होतं, देव जाणे. देवीलाल खाली उतरला आणि राखीच्या मुलाला स्वतः उचलून वर घेतलं. वर त्याचा गालगुच्चाही घेतला. तो माणूस नाटकात असता तर बक्षीस घेऊन आला असता.

बस किलबिलाटाने भरलेली. बाईने मोबाइलवर चित्रण केलं. उतरताना मला बाजूला घेऊन सौम्यपणे म्हणाली, की व्यवस्थापनाशी तुमचे काही मतभेद असतील तर त्यासाठी वेगळी तक्रार पेटी आहे.

तक्रार पेटी मीच बसवली आहे. किल्ली सरांकडे असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑडिट काल संपलं. बाई रात्रीच नागपूरला गेली. आज सगळं पूर्ववत व्हायचं होतं, सरांनी देवीलालला तसं सांगितलं होतं.

फाट्यावर बस थांबली. बाया मुलांसकट उभ्या. देवीलाल दार अडवून म्हणाला, आज नाई, ते दोन दिवसापुरतं होतं. पुढची एक बाई थांबली. तिच्या मागून राखीने मुलाला त्याच्या हाताखालून आत सरकवलं. पोरगं दोन दिवसांत सरावलेलं, थेट जाऊन सोनूशेजारी बसलं. मग ती चढली, मुलाला आणायला जाते म्हणून, आणि तिथेच बसली. मग दुसरी चढली. देवीलाल एकटा, किती जणींना अडवणार? सगळ्या बसल्या. तो म्हणाला, मग गाडी हालणार नाई. त्याने इंजिन बंद केलं.

 एकीने पोराला पाजायला घेतलं. मोतीबाई खाली काठी टेकून उभी होती, घरी जायला तयार नव्हती. लालीबाई मागच्या सीटवर होती, ती गाणं म्हणायला लागली. त्यांच्या बोलीतलं, मला कळलं नाही, पण मुलं ऐकत होती.

देवीलालने सरांना फोन लावला, आणि मग तो फोन माझ्याकडे दिला.

"प्राची, तू आहेस ना तिथे? बरं झालं," सर म्हणाले. आवाज घट्ट. आज माल निघायचा होता, कंटेनर गेटवर उभा होता आणि शिलाईची अर्धी लाइन या बसमध्ये. "त्यांना नीट समजावून सांग."

मी उठून उभी राहिले. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मला बोलायला येतं, हीच तर माझी लायकी. विमा, नियम, टप्प्याटप्प्याने, व्यवस्थापन विचार करत आहे. सगळी वाक्यं ओळीने तयार होती. राखी दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट पाहत होती. मी आता काय सांगते याची तिला उत्सुकता होती असं मला वाटलं नाही.

"सर," मी म्हटलं, "त्यांना समजलंय."

"म्हणजे?"

"त्यांना समजलंय. सांगण्यासारखं काही राहिलं नाही." आणि मी खाली बसले. सोनू हात ओढत होती म्हणून बसले, त्याला निश्चय वगैरे म्हणता येणार नाही.

अर्ध्या तासात सर स्वतः गाडी घेऊन आले. बसच्या पायरीवर उभं राहून विम्याचं भाषण केलं. कुणाच्या मुलाला काही झालं तर जबाबदार कोण? राखीने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग काल कोनाचा इमा होता सायेब?"

सर माझ्याकडे वळले. मी खिडकीबाहेर पाहिलं. फोन सारखा वाजत होता, कंटेनरवाल्याचा असावा. शेवटी ते देवीलालला म्हणाले, आजच्या दिवस घे. आणि गाडीत बसून निघून गेले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

'आजच्या दिवस' रोज चालू आहे. तसा आदेश कुठेही निघालेला नाही. पण ऑडिटवाल्या बाईने तो बसमधला व्हिडिओ खरेदीदाराला पाठवला, खरेदीदाराने तो आपल्या वेबसाइटवर टाकला, आणि आता सरांना ती मुलं बसमधून उतरवता येत नाहीत. सीटं कमी पडतात. लालीबाईला धागे कापायला वेळ नाही, म्हणून तिच्या जोडीला आणखी एक बाई द्यावी लागली. सर म्हणाले होते त्याच क्रमाने सगळं घडतंय. पुढचा नंबर दुधाचा.

आई काठीवर दोन पावलं चालली. रात्री जेवताना म्हणाली, दुपारी घर फार शांत असतं, झोप लागते. मी म्हटलं, सोनूची आठवण येत असेल ना? ती म्हणाली, संध्याकाळी येते ना ती, तेवढी पुरे. हे मला लागलं. का लागावं, कळत नाही.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. मांडव, भोंगा, गुलाबाची फुलं, आणि प्रमुख पाहुणे म्हणून नागपूर ऑफिसचे कुणी साहेब. चंद्रशेखर सरांनी सांगितलं, की दोन महिन्यांपूर्वी पाळणाघर रिकामं होतं. आम्ही एक मोहीम हाती घेतली, भगिनींपर्यंत पोचलो, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललो, आणि आज परिणाम आपल्यासमोर आहे. परिणाम त्या वेळी मांडवाच्या खांबाला धरून झोके घेत होता आणि राखी त्याला ओढून खाली बसवत होती.

मला मंचावर बोलावलं. संवाद उत्कृष्ट, म्हणून काचेचं स्मृतिचिन्ह. साहेबांनी माइक पुढे केला, आणि हे कसं साधलं ते सर्वांना सांगायला सांगितलं.

मी म्हटलं, "हे मी केलेलं नाही."

 मग साहेबांनी कौतुकाने मान हलवली आणि टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांना तो माझा विनय वाटला. मी पुन्हा म्हटलं, खरंच नाही. टाळ्या वाढल्या. तिसऱ्यांदा म्हणाले असते तर बढती मिळाली असती. बायांमध्ये मात्र एक खसखस पिकली, आणि ती टाळ्यांहून बरी वाटली.

मंचावरून उतरल्यावर सरांनी एक पाकीट हातात दिलं. माझा उमेदवारीचा काळ आणखी सहा महिने वाढवला आहे. कारण, 'वृत्तीत सुधारणेस वाव'. काचेचं चिन्ह डाव्या हातात, पाकीट उजव्या. बसपर्यंत तशीच गेले.

या सगळ्यात उशीर झाला होता. बस भरलेली, निम्म्या सीटांवर पोरं आडवी पसरलेली. कल्याण अधिकाऱ्यासाठी कुणी उठलं नाही. मी सोनूला कडेवर घेऊन दांड्याला धरून उभी राहिले. राखीने न विचारता हात पुढे केले, सोनूला माझ्याकडून काढून आपल्या मांडीवर घेतलं, एकीकडे तिचा, एकीकडे माझी. म्हणाली, "सरका म्याडम जराशा, मागच्या बाईले उतराचं हाये."

मी सरकले. तांड्याच्या फाट्यापर्यंत उभ्यानेच आले.